कठीण हाडाचे पाप

आमच्या लहानपणी चातुर्मासात गावच्या देवळात जे हरिदास येत, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या पोतडीत एक कुत्रे आणि एक वाळके हाड हटकून असे. विषयसुखाची असारता श्रोत्यांच्या गळी उतरविण्याची वेळ आली, की ते कुत्रे बाहेर निघे आणि हाड चघळू लागे. हाडात रस असा नसेच, परंतु त्याच्या कंगोऱ्याने कुत्र्याचीच हिरडी फाटे, रक्त येई, आणि स्वतःच्याच रक्ताची चव हाडाची म्हणून गोड मानून घेत ते मूढ जनावर अधिकच आवेशाने चघळत राही. श्रोते माना डोलावीत, बायका चुकचुकत, आणि बुवा झांज वाजवून पुढच्या पदाकडे वळत. दृष्टांताची परंपराही जुनी आहे. मांसाचा लवलेश नसलेले मळकट हाड मिळाले तरी कुत्रा कसा संतोष पावतो आणि तरी त्याची भूक कशी भागत नाही, हे भर्तृहरीने नीतिशतकात सांगून ठेविले आहे; आणि त्याच्याही पुष्कळ आधी, मज्झिमनिकायातील पोतलियसुत्तात, कामसुखाला जी उपमा दिलेली आढळते ती हीच: भुकेल्या कुत्र्यापुढे टाकलेले, मांस तासून काढलेले, नुसत्या रक्ताने माखलेले हाड.

या साऱ्या वाङ्मयात दोष आहे तो कुत्र्याचा. त्याचा लोभ, त्याचा भ्रम, त्याचे अज्ञान यांवर शतकानुशतके प्रवचने झाली. हाड टाकले कोणी, हा प्रश्न मात्र एकाही श्रोत्याने बुवांना विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पालि सुत्तात निदान हाड टाकणारा खाटीक तरी हजर आहे; परंतु त्याचीही जबानी कोणी घेतली नाही. तो दृष्टांतापुरता आला आणि आपला सुरा पुसून निघून गेला.

मलाही हा प्रश्न सुचला नसता. तीन वर्षांपूर्वीच्या आखाडात, श्रावण तोंडावर आला असता, आमच्या घरी शेवटचे मटण झाले. नळीची हाडे खाटकाने नेहमीप्रमाणे आडवी, बांगडीसारखी तोडून दिली होती. त्यांतला मगज आम्ही मनुष्यांनी शोषून घेतला आणि रिकामी बांगडी, मोठ्या औदार्याचा आव आणून, घरातल्या गुंड्या नावाच्या पांढऱ्या, लहानखुऱ्या कुत्र्यापुढे टाकली. पाच मिनिटांत तो पिसाळल्यासारखा घरभर गरगर फिरू लागला. जिभेने आतला उरलासुरला मगज चाटता चाटता ती बांगडी त्याच्या खालच्या जबड्यावर चढून सुळ्यांच्या मागे जाऊन बसली होती. पुढे येईना, मागे जाईना. ज्या हाताने हाड टाकले त्याच हाताने मी ते ओढू लागलो, तेव्हा चार वर्षांत प्रथमच तो मला चावला.

पशुवैद्यांनी त्याला गुंगीचे औषध देऊन ते हाड कापून काढले आणि कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेविले. गिळले नाही हे नशीब, असे ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या अन्ननलिकेत हाड अडकण्याच्या तीन जागा त्यांनी मला आपल्याच छातीवर बोट ठेवून दाखविल्या: मान जेथे छातीत उतरते तेथे, हृदयाच्या माथ्याशी, आणि पोटाचा पडदा लागण्याच्या किंचित अलीकडे. शिजलेले हाड तर सर्वांत घातकी. कारण उष्णतेने त्यातला चिवट अंश नाहीसा होतो आणि ते लवचिकपणा गमावून काचेसारखे अणकुचीदार तुकड्यांनी फुटते. हे तुकडे आतड्याला भोक पाडू शकतात. मी सर्व ऐकून घेतले, आणि माझा हेतू चांगला होता असे काहीतरी पुटपुटलो. त्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत.

बोलल्या त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या वयोवृद्ध पारशी शेजारीणबाई. गुंड्याची ही हकीकत जिन्यातच त्यांच्या कानी पडली, तेव्हा त्या त्याच्या सुजलेल्या ओठावरून हात फिरवीत अगदी सहज म्हणाल्या, "आमच्या वंदीदादमध्ये याला फटके सांगितलेत हो!" मला ती थट्टा वाटली. पुढे ग्रंथालयात जाऊन, जेम्स दार्मेस्तेतेर या फ्रेंच पंडिताने माक्स म्युल्लरच्या ग्रंथमालेसाठी केलेले आणि १८८० साली प्रसिद्ध झालेले अवेस्त्यातील वंदीदादचे भाषांतर उघडले, तेव्हा ध्यानात आले, की बाई अक्षरशः खरे बोलत होत्या.

वंदीदादचे एकंदर बावीस अध्याय. त्यांतल्या पंधराव्याच्या आरंभी, प्रायश्चित्त न घेतल्यास मनुष्याला दंडास पात्र करणारी पाच कृत्ये सांगितली आहेत. पहिले धर्मासंबंधी आहे: स्वधर्मीयाला जाणूनबुजून परधर्माची शिकवण देणे. आणि लगेच दुसरे: मेंढ्या राखणाऱ्या किंवा घर राखणाऱ्या कुत्र्याला फार कठीण हाड अथवा फार ऊन अन्न देणे. ते हाड त्याच्या दातांत रुतले, गळ्यात अडकले, किंवा त्या ऊन अन्नाने त्याचे तोंड वा जीभ पोळली आणि त्यापायी त्याला इजा झाली, तर देणारा मनुष्य 'पेशोतनु' होतो. पेशोतनु म्हणजे ज्याचे शरीर फटक्यांच्या दंडापोटी जणू जप्त झाले आहे असा. धर्मभ्रष्ट करण्याच्या पापाशेजारी, त्याच पंगतीत, कठीण हाडाचे पाप बसविणाऱ्या त्या इराणी स्मृतिकाराला मी त्या दिवशी मनोमन नमस्कार केला.

या कुत्र्यांची अवेस्त्यातील नावेही मराठी माणसाच्या कानाला अनोळखी लागत नाहीत. पहिला 'पशुश-हौर्व', दुसरा 'विश-हौर्व'. एकात आपला पशु आहे, दुसऱ्यात वैदिक विश्, म्हणजे वस्ती. दोन्ही परंपरांचे मूळ एकच असल्याच्या खुणा कुत्र्याच्या बाबतीत तर पदोपदी भेटतात. ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचे आहेत. पारशांच्या अंत्यविधीत शवावर ज्याची दृष्टी पाडावयाची त्या 'सगदीद'च्या कुत्र्याच्याही डोळ्यांवर दोन ठिपके असावे लागतात, म्हणून तोही चारडोळ्या. आणि यमलोकीच्या वाटेवर जसे आपले श्याम-शबल, तसे पारशांच्या परलोकीच्या वाटेवरील चिन्वत पुलावरही दोन कुत्रे राखणीस उभे आहेत. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अमलात आणताच पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली आणि शहरात हरताळ पडला. त्या प्रसंगाचा इतिहास लिहिणारे त्यात व्यापाराची आणि सत्तेची गणिते मांडतात, ती बरोबरही असतील. परंतु ज्या धर्मात कुत्र्याच्या घशात हाड अडकणे हा दंडनीय अपराध आहे, त्या धर्माच्या माणसांना तो हुकूम कसा वाटला असेल, याचा अंदाज मला जिन्यातल्या त्या एका वाक्यावरून येतो.

आता या वचनातला माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग असा, की त्यात हेतूचा उल्लेख नाही. हाड द्वेषाने दिले की लाडाने, हे वंदीदाद तेथे विचारीत नाही. हाड कठीण होते काय आणि कुत्र्याला इजा झाली काय, एवढीच रुजवात ते घेते. आपल्याकडच्या विचाराची घडण याच्या नेमकी उलट. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे जे तीन प्रकार केले आहेत, त्यांचे विभाजन बहुतांशी देणाऱ्याच्या मनावर बेतलेले आहे. देणे कर्तव्य आहे या भावनेने, योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री, उपकाराची फेड न करणाऱ्याला दिलेले ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. अवेळी, अपात्री, अवज्ञेने दिलेले ते तामस. या निकषावर माझे हाड कोणत्या सदरात पडते हे पाहू गेलो, तर पहिलाच पेच पडला: कुत्रा 'अनुपकारी' आहे काय? आम्ही त्याला तुकडा देतो तो बहुधा 'बस', 'हात दे', 'गप्प' या हुकुमांच्या तामिलीबद्दल. म्हणजे ते दान नव्हेच, मजुरी आहे. आणि विनाकारण देतो तेव्हाही ती हलणारी शेपटी, ते ओलसर डोळे, ही पावती आम्ही आगाऊ हिशेबात धरलेलीच असते.

परंतु खरी मेख 'पात्र' या शब्दात आहे. दानाला पात्र म्हणजे लायक, विद्वान, सदाचारी, असा अर्थ टीकाकारांनी पिढ्यानपिढ्या केला आणि त्यावरून पुष्कळ वादही माजविला. पात्र म्हणजे मुळात भांडे. ज्याच्यात ओतावयाचे त्याचे तोंड केवढे, खोली किती, काठ फुटका आहे की काय, हे पाहिल्यावाचून कोणी सुज्ञ गृहिणी कढईतले तेल ओतीत नाही. कुत्र्याच्या बाबतीत पात्रविचार करावयाचा तर तो त्याच्या शीलाचा नव्हे, त्याच्या घशाच्या रुंदीचा करावयास हवा; त्याच्या बेचाळीस दातांचा, आणि विशेषतः वरच्या जबड्यातील त्या मोठ्या चौथ्या उपदाढेचा, जिचा बाहेरचा पापुद्रा अतिकठीण वस्तू चावताना कपचीसारखा निखळून पडतो, तिचा करावयास हवा. हा अर्थ गीतेला अभिप्रेत होता असा माझा दावा नाही. पण असा अर्थ घेतला, की वंदीदाद आणि गीता यांतले अंतर बरेच कमी होते, एवढे मात्र खरे.

आणि आज या विचाराची निकड आखाडातल्या नळीपुरती उरलेली नाही. मोठ्या शहरांतून कुत्र्यांच्या खाऊची स्वतंत्र दुकाने निघाली आहेत. त्यांत काचेच्या बरण्यांतून पांढरीशुभ्र, गाठी मारलेली, हाडाच्या आकाराची जी वस्तू मिळते ती हाड नव्हेच. ती कातडी आहे. चामड्याच्या धंद्यात जनावराच्या कातड्याचे पदर सोलून बाहेरचा चामड्याच्या वस्तूंसाठी जातो. आतला चुन्याने केस-चरबी काढून, धुऊन, कित्येकदा रसायनाने पांढरा करून, पिळून, वाळवून कुत्र्याच्या खाऊत येतो. लाळेने तो मऊ होतो, मोठा लचका तुटला की कुत्रा तो सबंध गिळतो, आणि पोटात भिजून फुगलेला तो गोळा पुढे सरकेनासा होतो. ज्या घरांत कांदाही चातुर्मासात वर्ज्य, अशा काही घरांत ही बरणी मी फडताळात पाहिली आहे. कोणत्या जनावराचे कातडे, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नव्हता, आणि मीही पाहुणा असल्यामुळे तो उपस्थित केला नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मालाविषयी ठेविलेले दप्तर वाचनीय आहे. नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१७ या काळात, दुकानातून विकत घेतलेल्या, भाजून वा धुरी देऊन सुकविलेल्या हाडांसंबंधी त्या खात्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या. त्यांत जवळजवळ ९० कुत्री आजारी पडल्याची आणि १५ दगावल्याची नोंद आहे. सुकविलेल्या मांसाच्या पट्ट्यांचे प्रकरण तर याहून गंभीर: २००७ पासून २०१५ च्या अखेरपर्यंत सुमारे ५,२०० तक्रारी, ६,२०० हून अधिक कुत्री, आणि १,१४० हून अधिक मृत्यू. इतकी वर्षे तपास करूनही त्या खात्याला नेमके कारण निश्चित करता आले नाही. आणि २०१९ साली डुकराच्या सुकविलेल्या कानांमुळे तेथे दीडशेहून अधिक माणसेच साल्मोनेलाने आजारी पडली. कुत्र्याला लाडाने तुकडा भरविणाऱ्या हाताला लागलेला जंतू त्याच हाताने स्वतःच्या तोंडी गेला. कर्मफल पुढच्या जन्मावर ढकलण्याची आपल्याला सवय असल्यामुळे, इतक्या तातडीने झालेली ही वसुली पाहून मी काहीसा चकित झालो.

अशा ठिकाणी हेतूची कैफियत कितपत चालावी? माझ्यापुरते उत्तर असे आहे, की जो घेणारा नकार देऊ शकतो, त्याच्या बाबतीत ती काही अंशी चालावी. मनुष्याला मी कडू भोपळा वाढला तर तो पान सारील. कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय हे दोन मार्ग सांगितले आणि धीर पुरुष त्यांतून श्रेय निवडतो असे म्हटले. परंतु यमाच्याच दाराशी बसलेल्या त्या दोन चारडोळ्या कुत्र्यांपुढे हे प्रवचन कोणी केले नाही, आणि केले असते तरी चालू प्रवचनात त्यांचे लक्ष हाडाकडेच राहिले असते. कुत्र्याजवळ प्रेय आहे, श्रेय नाही. माझ्या हातातल्या वस्तूवरचा त्याचा विश्वास संपूर्ण आहे. पारख करण्याचे आपले सारे काम त्याने, हजारो वर्षांपूर्वी केव्हातरी, मनुष्याच्या चुलीशी येऊन बसला तेव्हाच, आपल्याकडे सोपवून दिले. ज्याने विवेकाचे मुखत्यारपत्र दुसऱ्याच्या नावे करून दिले, त्याच्या नुकसानीला मुखत्याराचा चांगला हेतू हा बचाव कसा ठरेल? हरिदासांचा दृष्टांत मला खटकू लागला तो येथे. हिरडी कुत्र्याची फाटली, आणि अविवेकही कुत्र्याच्याच माथी मारला.

नामदेवांच्या चरित्रातली ती कथा सर्वांना ठाऊक आहे: कुत्र्याने पोळी पळविली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कीर्तनात तिचे तात्पर्य सर्वाभूती परमेश्वर असे सांगतात, आणि ते असेलच. परंतु नामदेवांच्या धावण्याचे तात्कालिक कारण फार साधे होते, पोळी कोरडी होती. कोरडी पोळी घशाला लागेल. दिलेली नव्हे, चोरलेली वस्तू. तरी तिच्या कोरडेपणाची जोखीम त्यांनी आपल्या शिरावर घेतली. वंदीदादने जे फटक्यांच्या धाकाने करवून घ्यावयाचे ठरविले, ते येथे एक मनुष्य धापा टाकीत आपण होऊन करतो आहे. (आजचे पशुवैद्य त्या वाटीलाही हरकत घेतील, फार तुपाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. पण तेवढ्यासाठी नामदेवांना कोणी बोल लावू नये. वंदीदादनेही कुत्र्याचे उचित अन्न सांगताना दूध आणि मांसाबरोबर चरबी सांगितलीच आहे.)

इतके झाल्यावर एक शंका उरते, आणि ती मी लपवू इच्छीत नाही. चघळणे हा कुत्र्याचा स्वधर्म आहे. हाडाच्या त्या प्रसंगानंतर आम्ही गुंड्याला सहा महिने दूधभात आणि उकडलेले निवडक मांस यांवर ठेविले. तो निरोगी राहिला आणि अतिशय उदास झाला. दोन जोडे, एक पायपुसणे आणि नातवाच्या व्याकरणाच्या पुस्तकातला समासप्रकरणाचा भाग त्याने या अवधीत फस्त केला. ज्याच्या दातांना काम नाही तो प्राणी कुत्र्याचे अर्धेच आयुष्य जगतो, आणि भयापोटी ते अर्धे काढून घेणे ही देखील एक प्रकारची इजाच आहे. वंदीदादचे वचन पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले, की हाड देऊच नका असे ते म्हणत नाही. 'फार कठीण' एवढेच त्याचे विशेषण आहे. 'फार' म्हणजे किती, हे मोजावयाचे काम देणाऱ्याकडे आले.

मोजण्याची एक रीत पशुवैद्यांनी सांगितली, ती कोणत्याही स्मृतीत शोभावी अशी आहे: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबून पाहावे, खूण उमटली तर दातांना चालेल, न उमटली तर ती कुत्र्याच्या दातांहून कठीण समजावी. शिवाय तुकडा सबंध गिळता येणार नाही एवढा मोठा असावा, आणि तो संपेपर्यंत आपण जवळ बसावे.

गेल्या महिन्यात मी असाच एका दुकानात गेलो. नेपाळकडून येणारी छुर्पीची कांडी, म्हणजे वाळवून दगड केलेले चीज, तेथे नवीनच आली होती. दूधच ते, आतड्यात निदान कातडे जाणार नाही, म्हणून मी हरखून ती उचलली आणि चष्मा वर सारून तिच्यावर नख रोवू लागलो. नख वाकले, कांडीवर ओरखडाही नाही. दुकानदार तरुण मुलगा होता. थोडा वेळ त्याने हा प्रकार पाहिला आणि मग मोठ्या आदराने म्हणाला, "काका, एकदम टिकाऊ माल आहे. फुटायचा नाही, गॅरंटी!" मी कांडी बरणीत परत ठेविली. त्याच्या हेतूत काही दोष नव्हता.

घरी आलो तेव्हा गुंड्या दारातच होता. त्याने माझे दोन्ही हात हुंगले, पिशवी हुंगली, पुन्हा हात हुंगले, आणि मग माझ्याकडे पाहत बसून राहिला.